पितृपंधरवड्यातला मुहूर्त

“कार्य कुणाचं आहे?”

मंगल कार्यालयाच्या मॅनेजरकाकांनी डायरी उघडता उघडता विचारलं. पेन कानामागून काढून हातात घेतलेलं. समोरच्या कोऱ्या चौकटीत वधूपक्ष आणि वरपक्ष असे दोन रकाने छापलेले. मी म्हटलं, “कार्य नाहीये काका, गेमिंगची टूर्नामेंट आहे.” पेन परत कानामागे गेलं.

सप्टेंबर २०२३. रोजच्या पेपरात ऑनलाइन गेमिंगवर १ ऑक्टोबरपासून २८ टक्के जीएसटी लागणार, ही बातमी गाजत होती. आम्हाला हॉल हवा होता तोसुद्धा १ ऑक्टोबरलाच. काकांनी दोन अधिक दोन केले. “म्हणजे ते रमी वगैरे? त्या २८ टक्केवाल्यातलं? नको बुवा. पोलिस आले तर मालक मला उलटं टांगतील.” पैसे लावून खेळायचे खेळ वेगळे आणि आमचा वेगळा, हे समजावण्यात अर्धा तास गेला. आमच्यात पाच-पाच जणांच्या दोन टीम असतात, एक बॉम्ब लावते, दुसरी तो निकामी करते, असं मी उत्साहाच्या भरात सांगून बसलो. ‘बॉम्ब’ ऐकल्यावर काकांनी डायरीच मिटली.

शेवटी माझी बायको कामी आली. ती म्हणाली, “काका, मुलांच्या स्पर्धा आहेत. कॅरमसारख्या. कॉम्प्युटरवर.” काकांनी डायरी उघडली आणि वधूपक्षाच्या रकान्यात ‘कॉम्प्युटर स्पर्धा’ असं लिहिलं. वरपक्षाचा रकाना रिकामाच राहिला.

आम्ही पाच-सहा मित्र पुण्यात काउंटर-स्ट्राइकची स्पर्धा भरवतो. सगळे आता नोकरीवाले, दोघांच्या पोटरीत गोळे येतात, एकाचं कोलेस्टेरॉल वाढलंय. त्यामुळे स्वतः खेळण्यापेक्षा पोरांना खेळवण्यात जास्त रस. स्पर्धा भरवायची म्हणजे लोकांना वाटतं बक्षिसाची रक्कम जमवणं अवघड असेल. ती जमते. अवघड असते जागा, आणि त्याहून अवघड असतो त्या जागेत मिळालेला वेळ.

जागेचं गणित आम्हाला पंचांगानं शिकवलं. कॉलेजचे हॉल बाहेरच्यांना मिळत नाहीत, मिळाले तर परीक्षेच्या आदल्या दिवशी काढून घेतले जातात. हॉटेलांचे बँक्वेट माणशी जेवणाच्या हिशोबावर चालतात आणि आमची पोरं दिवसभर वडापाव आणि थम्सअपवर जगतात, म्हणजे तो हिशोब बसत नाही. राहतं मंगल कार्यालय. पण तुळशीचं लग्न लागलं की शनिवार-रविवार तुम्हाला कुणी उभंही करत नाही. मग आम्ही चातुर्मासाकडे वळलो. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत कार्यालयं मोकळी, असं आजी सांगायची. आजीच्या काळात असतीलही. आता ‘काढीव मुहूर्त’ नावाचा प्रकार आहे. मुलगा अमेरिकेहून ऑगस्टमध्येच येणार असेल, तर गुरुजी ऑगस्टमध्ये मुहूर्त काढून देतात. आमच्या २०२२ सालच्या दोन तारखा असल्या काढीव मुहूर्तांनीच खाल्ल्या.

एक पंधरवडा मात्र असा आहे, की त्यात मुहूर्त काढायची अजून कुणाची छाती होत नाही. पितृपक्ष. त्या दिवसांत नवी गाडी कुणी घेत नाही, साखरपुडा कुणी करत नाही, आणि मॅनेजरकाका भाव करायला स्वतःहून तयार असतात. २०२३ला अधिक श्रावण आल्यामुळे सगळंच पुढे सरकलं होतं. अनंत चतुर्दशी २८ सप्टेंबरला, गुरुवारी. ईदची सुट्टी सरकारनं शुक्रवारवर नेली. मग शनिवार, रविवार आणि सोमवारी गांधी जयंती. पोरांना सुट्टी, कार्यालय रिकामं, भाडं जवळपास निम्मं. पितरांनी आशीर्वाद द्यावा तर असा.

आईला मात्र पटलं नव्हतं. “या दिवसांत नवीन काही सुरू करू नये,” एवढंच ती म्हणाली. मी म्हटलं, नवीन काही नाही, जुनाच गेम आहे.

ते वाक्य मला महागात पडलं.

२७ सप्टेंबरला, म्हणजे आमच्या स्पर्धेच्या चार दिवस आधी, हा खेळ बनवणाऱ्या वाल्व्ह कंपनीनं काउंटर-स्ट्राइक २ बाजारात आणला. आणला म्हणजे जुन्याशेजारी मांडून ठेवला नाही, जुन्याच्या जागी बसवला. आदल्या दिवशी सीएस गो, म्हणजे जुना काउंटर-स्ट्राइक, खेळणाऱ्या माणसानं दुसऱ्या दिवशी स्टीम, म्हणजे हे गेम जिथून उतरवतात ते ऑनलाइन दुकान, उघडलं तर तिथे नवाच खेळ. लग्नाच्या चार दिवस आधी नवरा बदलावा तसं. (आईला मी हे सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही.)

मशिनं आमच्या एका मित्राच्या गेमिंग कॅफेतली. वीस पीसी, वीस मॉनिटर, टेम्पोनं आणायचे, टेम्पोनं न्यायचे. या मशिनांमध्ये जुना गेम बसवलेला, तपासलेला, तयार. नव्याला कंपनी ८५ जीबी जागा मोकळी ठेवा म्हणते. निम्म्या मशिनांत २४० जीबीची डिस्क, त्यात गिऱ्हाइकांचे इतर गेम ठासून भरलेले. त्यात गुरुवार-शुक्रवार कॅफे बंद, कारण तो विसर्जन मिरवणुकीच्या वाटेवर, आणि तिथे टेम्पो तर सोडाच, माणूसही आडवा होऊन जात नव्हता.

शनिवारी संध्याकाळी कार्यालयात मशिनं उतरवली. काकांनी वायरिंगसाठी संध्याकाळ फुकट दिली होती, हा त्यांचा मोठेपणा. आमचा वायरमन आला, त्यानं भिंतीवरचा बोर्ड उघडला, आत बॅटरी मारली आणि मान हलवली. “साहेब, हे कार्यालय पंख्यांसाठी बांधलंय.”

हिशोब अगदी शाळेतला आहे. १६ अँपिअरचा एमसीबी, म्हणजे जास्त भार आला की खटकन पडणारा तो स्विच, २३० व्होल्ट, गुणाकार ३६८० वॅट. आमचा एक पीसी मॉनिटरसकट रंगात आला की ४०० वॅटच्या आसपास ओढतो. म्हणजे एका लाइनवर नऊ. एका सामन्याला लागतात दहा. हा जो दहावा पीसी आहे ना, त्यानं माझं अर्धं आयुष्य खाल्लंय. त्याच्यासाठी वधूपक्षाच्या खोलीतून एक लाइन ओढली, आणि दुसऱ्या रांगेतल्या दहाव्यासाठी स्टेजमागच्या, जिथे सनईची कॅसेट लावायचा प्लग होता तिथून. जनरेटर होता. पण वीज गेल्यावर जनरेटर सुरू होऊन लाइन बदलेपर्यंत दहा-पंधरा सेकंद जातात. लग्नात तेवढ्या वेळात लोक ‘अरेऽऽ’ म्हणतात आणि पुन्हा हसतात. आमच्याकडे दहाही मशिनं बंद पडतात.

आमच्या लहानपणी ही भानगड नव्हती. २००६-०७ साली आम्ही सायबर कॅफेत काउंटर-स्ट्राइक १.६ खेळायचो. जागा, वीज, मशिनं सगळं मालकाचं, आपण फक्त तासाचे वीस रुपये घेऊन जायचं. मशिनं असतात तिथेच स्पर्धा व्हायची. १९ ऑक्टोबर १९७२ला स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत स्पेसवॉर या खेळाची स्पर्धा झाली. व्हिडिओ गेमच्या अगदी पहिल्या स्पर्धांमध्ये ती मोजतात. तीही तिथे झाली कारण कॉम्प्युटर तिथे होता. तो काही टेम्पोत चढणारा नव्हता. खेळ घरोघरी पोचला, मशिनं माणसांची झाली, आणि मगच ती सगळी एका छताखाली कुठे आणायची हा प्रश्न आला. स्वीडनमधल्या मालुंग गावात १९९४ साली काही मुलांनी आपापले कॉम्प्युटर शाळेच्या उपाहारगृहाच्या तळघरात आणून मांडले. त्यातून ड्रीमहॅक नावाचं गेमिंगचं संमेलन उभं राहिलं, तेच पुढे जगभर भरू लागलं. मला त्या तळघराचा फ्यूज बोर्ड पाहायचाय. बाकी स्वीडनमध्ये काही पाहायची इच्छा नाही.

एप्रिल २०१९मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये डोटा २ची मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली तेव्हा मी प्रेक्षक म्हणून गेलो होतो. सगळे पडद्याकडे बघत होते आणि मी स्टेजच्या बाजूनं गेलेल्या जाड काळ्या केबलांकडे. शेजारच्या पोरानं विचारलं, “कुणाला सपोर्ट करताय?” मी जवळजवळ म्हणणार होतो, जनरेटरला.

तर रविवार. रिपोर्टिंग आठला, पहिला सामना नऊला. आठ टीम, चाळीस पोरं. दोन टीम पुण्याबाहेरच्या, एक कोल्हापूरची आणि एक नाशिकची. या दोन टीममुळेच आमचं वेळापत्रक बिघडतं, आणि त्यांच्यासाठीच ते बिघडवावंसं वाटतं. साधी बाद पद्धत ठेवली तर आठ टीमचे सात सामने, दोन-दोन एकावेळी लावले की चार फेऱ्यांत संपलं, संध्याकाळी चहाला घरी. पण कोल्हापूरहून पहाटेच्या एसटीनं आलेली पाच पोरं पहिला सामना हरली की दहा वाजता त्यांचा दिवस संपतो. मी एकदा तसं झालेलं पाहिलंय. पोरं दिवसभर कोपऱ्यात बसून दुसऱ्यांचे सामने बघत होती, कारण परतीचं रिझर्वेशन रात्रीचं. त्या वर्षापासून आम्ही डबल एलिमिनेशन घेतो. एकदा हरलात तर खालच्या साखळीत जा, दुसऱ्यांदा हरलात तर घरी.

त्याची किंमत चौदा सामने. आणि चौदाला दोननं भागून सात फेऱ्या, असंही होत नाही. शेवटी शेवटी खालच्या साखळीतली टीम वरून कोण पडतंय याची वाट बघत बसते, त्यामुळे एक रांग मोकळी असूनही तिथे खेळायला कुणी नसतं. मी कागदावर मांडून बघितलंय, आठ फेऱ्या लागतातच. त्यात खालून आलेली टीम अंतिम सामना जिंकली, तर वरची टीम एकदाच हरलेली असते, म्हणून पंधरावा सामना. हॉल आठ ते आठ. बारा तास.

या ठिकाणी मला बुद्धिबळवाल्यांचा हेवा वाटतो. दहा मिनिटं आणि प्रत्येक चालीला पाच सेकंद, असं म्हटलं की साठ चालींचा डाव बरोबर अर्ध्या तासात संपतो. संपवावाच लागतो, नाहीतर घड्याळ संपवतं. कॅरमलासुद्धा पंचवीस पॉइंट किंवा आठ बोर्ड अशी मर्यादा आहे. आमच्या खेळातही घड्याळ आहे आणि ते फार कडक आहे. एक राउंड एक मिनिट पंचावन्न सेकंदांचा, बॉम्ब लागला की चाळीस सेकंद, एक क्षण इकडेतिकडे नाही. पण बरोबरी झाली की सहा राउंड वाढतात, पुन्हा बरोबरी झाली की आणखी सहा.

नव्या गेमनं इथे एक उपकार केला होता. जुन्यात सोळा राउंड जिंकणारा जिंकायचा, म्हणजे जास्तीत जास्त तीस. नव्यात तेरा, म्हणजे चोवीस. पाचातला एक भाग वेळ आपोआप वाचला. शनिवारी रात्री हे लक्षात आल्यावर आम्ही टाळ्या दिल्या होत्या.

त्या टाळ्या रविवारी सकाळी डाउनलोडनं परत घेतल्या. रात्री सात मशिनांवर गेम उतरला होता. उरलेली तेरा सकाळी अजून उतरवतच होती. कार्यालयाचं वायफाय म्हणजे काकांच्या टेबलावरचा एक राउटर, ज्यावर त्यांचा मुलगा क्रिकेट बघायचा. शेवटी आमच्यातल्या एकाला आठवलं, की स्टीमनं त्याच वर्षी एका मशिनवरून दुसऱ्यावर नेटवर्कमधूनच गेम कॉपी करायची सोय दिलीय. मग भराभर झालं. तरी पहिला सामना नऊचा साडेअकराला लागला. त्यात मधे एकदा पूर्ण रांग काळी झाली. कुणीतरी दहाव्या पीसीच्या लाइनवर कॉफीचं मशीन लावलं होतं. कोण ते मला ठाऊक आहे, पण ते माझे मेहुणे असल्यामुळे इथे थांबतो.

बायकोनं त्या दिवशी एक काम स्वतःहून केलं. ती खेळत नाही, तिला गोळ्यांच्या आवाजानं डोकं दुखतं. ती दाराशी टेबल घेऊन बसली आणि वहीत वेळा लिहीत गेली. सामना सुरू, सामना संपला, पुढचा सुरू. रात्री घरी आल्यावर तिनं वही माझ्यासमोर ठेवली. सरासरी सामना एक्केचाळीस मिनिटं. दोन सामन्यांच्या मधला वेळ चौतीस मिनिटं. “तुम्ही लोक खेळता कमी आणि माउस जास्त लावता,” ती म्हणाली.

मला राग आला, कारण खरं होतं. मी वर्षानुवर्षं सामन्याची लांबी कमी करण्याच्या मागे होतो. नियम बदल, मॅप (म्हणजे खेळाची मैदानं) कमी कर, अंतिम सामना तीनऐवजी एकाच मॅपचा कर. आणि वेळ गळत होता तो भलतीकडेच. टीम जिंकली की पाच मिनिटं मिठ्या. हरली की पाच मिनिटं कुणामुळे हरलो याची चौकशी. नवी टीम बसली की प्रत्येक जण खिशातून आपला माउस काढणार, आधीच्याचा वायरीत गुंतलेला सोडवणार, सेन्सिटिव्हिटी लावणार, हेडफोनला नाक मुरडणार. एक जण खाली चहाला गेलेला. फोन केला की “आलोच”. त्या पोराला खेळात एका सेकंदानं बॉम्ब फुटला तर जीव जातो, आणि त्याच पोराचा ‘आलोच’ अठरा मिनिटांचा असतो.

आणि हे पोरांचं झालं. आम्ही काय करत होतो? मी बायकोच्या वहीत माझ्याच नावापुढे लिहिलेलं वाचलं: ‘२.४० ते ३.०५, प्रेक्षक.’ रेफ्री म्हणून नाव माझं होतं. नाशिकच्या एका पोरानं एकट्यानं चौघांना टिपलं आणि पुढचा राउंड बघितल्याशिवाय मला उठवेना.

असं करता करता खालच्या साखळीचा शेवटचा सामना संपला तेव्हा आठला वीस कमी. अंतिम सामना बाकी. वरून आलेली टीम पुण्याची, खालून वर चढत आलेली कोल्हापूरची, जी सकाळचा पहिला सामना हरली होती. मी काकांकडे गेलो. काका म्हणाले, “हॉल नाही देता येणार. उद्या सकाळी इथे वर्षश्राद्धाची दीडशे पानं आहेत. आत्ता फरशी धुवायला बाया आल्यात.” खरोखरच दाराशी दोघीजणी बादल्या घेऊन उभ्या होत्या. पितृपक्षात आपण एकटेच गिऱ्हाईक आहोत हा आमचा समज किती भाबडा होता. ज्यांचा हा पंधरवडा आहे, ते आलेच होते.

भांडायला तोंड नव्हतं. बारा तास ठरले होते, बारा तास दिले होते.

मग वायरमन म्हणाला, “मुदपाकखान्यात बघितलंय का?” नव्हतं बघितलं. मागच्या बाजूला तो लांबलचक कडप्प्याचा ओटा, वर एक्झॉस्टचे पंखे, कोपऱ्यात वाटणाचं मोठं मशीन. आणि भिंतीवर थ्री फेजची लाइन. दोन दिवस आम्ही पुढच्या हॉलमध्ये एकेक अँपिअर उसना घेत हिंडत होतो, आणि मागे एवढी वीज भोपळ्याची साल काढायची वाट बघत बसली होती. काकांनी डोकं खाजवलं. “आचारी रात्री दहाला येतात चिरायला. तोवर बसा. पण दहानंतर आवाज नको हं, शेजारचे तक्रार करतात.”

दहा मशिनं ओट्यावर चढवायला, वायरी ओढायला सव्वा तास लागला. इकडे पाच, तिकडे पाच. पोरं उभ्यानंच खेळली, कारण ओट्याच्या उंचीच्या खुर्च्या जगात नसतात. पहिला सामना कोल्हापूरनं तेरा-अकरा घेतला. सगळे नाचले. मग हळूहळू सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण नियमाचा कागद माझ्या खिशात होता आणि त्यात पंधरावा सामना मीच लिहिला होता. सव्वादहा वाजलेले. तेवढ्यात आचारी आले. चौघेजण, हातात विळ्या, मागे गवारीचं पोतं.

मुख्य आचाऱ्यानं ओटा बघितला, दहा पडदे बघितले, पोरांकडे बघितलं. “किती वेळ?” मी आयुष्यात पहिल्यांदा खरं उत्तर दिलं. म्हटलं, “पाऊण तास. बरोबरी झाली तर माहीत नाही.” त्यानं जमिनीवर सतरंजी टाकली, भोपळा पुढ्यात ओढला आणि म्हणाला, “मग ओट्याचं हे टोक तेवढं सोडा, गवार ठेवायचीय.”

दहा वाजून गेले होते, म्हणून आवाज बंद. काउंटर-स्ट्राइक हा ओरडून खेळायचा खेळ आहे. शत्रू कुठे आहे ते पाची जणांनी एकमेकांना ओरडून सांगायचं असतं. त्या रात्री दहा पोरं कुजबुजत खेळली. “भावा, बी वर तिघं आहेत,” (बी म्हणजे बॉम्ब लावायची एक जागा) हे इतक्या हळू, की श्राद्धाला आल्यासारखं. मधे मधे विळीवर भोपळ्याची फोड पडल्याचा आवाज. सामना बरोबरीत गेला. सहा राउंड वाढले. सकाळपासूनची घाई कुठे गेली कोण जाणे. कुणी ‘आलोच’ म्हणून कुठे गेलं नाही, कुणी माउस बदलला नाही. जाणार कुठे, दारात गवारीचं पोतं होतं.

पुणं जिंकलं. कोल्हापूरच्या पोरांची गाडी केव्हाच चुकली होती. आचाऱ्यांनी त्यांना तिथेच सतरंजीवर झोपायला जागा दिली आणि सकाळी सहाला उठवून नारळ खोवायला बसवलं, असं नंतर कळलं.

मशिनं परत गेल्यावर आठवड्यानं कॅफेवाल्या मित्राचा फोन आला. सात नंबरच्या कीबोर्डचं डब्ल्यू बटण दाबलं जात नव्हतं, म्हणून त्यानं ते उपटलं, तर खाली गवारीचं देठ निघालं.

पुढच्या पितृपंधरवड्याच्या तारखा मी काकांकडे जूनमध्येच नोंदवल्या. त्यांनी डायरी उघडली, कानामागचं पेन काढलं आणि मला विचारलं, “हॉल देऊ, का मुदपाकखाना?”